सुरुवातीच्या काळातल्या अंतराळवीराचं चरित्र लिहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंतराळवीरांची चरित्रं लिहिणाऱ्या, लिहू पाहणाऱ्या आणि अर्धवट लिहून ठेवलेल्या मंडळींकडून मला तेच ते प्रश्न येतात. दर वेळी नव्याने उत्तर देण्यापेक्षा सगळी उत्तरं इथे एकत्र ठेवतो आहे. क्रम साधारण कामाचाच आहे, पण उड्या मारून वाचलंत तरी अडणार नाही.

उड्डाण पंधरा मिनिटांचं. त्यावर तीनशे पानं कशी भरायची?

भरायची नाहीतच. ॲलन शेपर्ड ५ मे १९६१ रोजी वर गेले आणि पंधरा मिनिटांत समुद्रात उतरले. युरी गागारिन यांची पृथ्वीप्रदक्षिणा १०८ मिनिटांची. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात जास्त नोंदला गेलेला तुकडा हाच: कोण काय बोललं, नाडी किती होती, कुपीतलं (म्हणजे अंतराळवीर बसतो त्या छोट्या यानातलं) तापमान किती, सगळं सेकंदागणिक लिहून ठेवलेलं. त्यामुळे तो लिहायला सोपा जातो, पण माणूस त्यात फारसा सापडत नाही. त्या पंधरा मिनिटांत शेपर्ड बहुतेक वेळ प्रशिक्षणात घोटून घेतलेली यादीच पार पाडत होते.

माणूस आधी आणि नंतर सापडतो. शेपर्ड यांना आतल्या कानाचा विकार जडला, चक्कर येऊ लागली, आणि पहिला अमेरिकन अंतराळवीर कार्यालयातल्या खुर्चीत बसून इतरांच्या उड्डाणांची व्यवस्था पाहू लागला. १९६९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते अपोलो १४ घेऊन चंद्रावर उतरले. मधल्या काळात दुसऱ्यांना निरोप देणारा हा माणूस घरी गेल्यावर काय करत असेल? चरित्रकाराने घाम गाळायचा तो इथे. माझा ढोबळ नियम सांगतो: पहिल्या उड्डाणाला पुस्तकाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त जागा देऊ नका.

‘सुरुवातीचा’ म्हणजे नेमका कोणता काळ?

मी १९५९ ते १९६९ धरतो. ९ एप्रिल १९५९ ला अमेरिकेने मर्क्युरी या आपल्या पहिल्या मानवी अंतराळ प्रकल्पाचे सात जण पत्रकारांसमोर उभे केले, तिथपासून चंद्रावरच्या पहिल्या पावलापर्यंत. सोविएत बाजूला १९६० मध्ये वीस वैमानिकांची तुकडी निवडली गेली. त्यांतले बाराच अंतराळात गेले. उरलेल्या आठांपैकी कुणाचं चरित्र लिहायचं मनात असेल तर जरूर लिहा, विषय दुर्लक्षित आहे.

या लोकांवर इतकं लिहून झालंय. नवं काय उरलंय?

पुष्कळ, कारण माहिती हप्त्याहप्त्याने बाहेर आली आहे. व्हालेंतिन बोंदारेन्को हा चोवीस वर्षांचा उमेदवार २३ मार्च १९६१ रोजी, म्हणजे गागारिन यांच्या उड्डाणाच्या वीस दिवस आधी, ऑक्सिजनने भरलेल्या चाचणी-खोलीत आग लागून गेला. जगाला हे कळलं १९८६ मध्ये. त्याच तुकडीतल्या ग्रिगोरी नेल्युबोव यांना काढून टाकल्यावर सोचीला काढलेल्या अंतराळवीरांच्या समूहछायाचित्रातून पुसून टाकण्यात आलं होतं. प्रशिक्षणाचे प्रमुख निकोलाय कामानिन रोजनिशी लिहायचे. ती छापली गेली १९९० च्या दशकात. तेव्हा १९७५ साली लिहिलेलं चरित्र कितीही चांगलं असलं तरी त्या लेखकाच्या हातात अर्धाच पट होता.

पहिलं काम म्हणून एक तक्ता करा. डावीकडे घटना कधी घडली, उजवीकडे ती जाहीर कधी झाली. या दोन तारखांमधली फट जिथे मोठी दिसेल, तिथे तुमचं एखादं प्रकरण दडलेलं असतं.

कागदपत्रं कुठे मिळतात? परदेशी जावंच लागेल का?

निम्मं काम घरबसल्या होतं. नासाच्या मोहिमांचे रेडिओ-संभाषणांचे उतारे आणि उड्डाणानंतरचे अहवाल इंटरनेटवर आहेत. ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्राने मौखिक इतिहासाचा मोठा प्रकल्प केला; त्यात अंतराळवीरच नव्हे, तर अभियंते, सचिव, परिचारिकासुद्धा बोलल्या आहेत. माझा अनुभव असा, की या दुसऱ्या फळीतल्या मुलाखती जास्त कामाच्या ठरतात. ज्याला आयुष्यात कुणी फारसं विचारलेलं नाही, तो मोकळेपणाने आठवतो.

खासगी कागद मात्र विखुरलेले आहेत. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकन जॉन ग्लेन यांचे ओहायो स्टेट विद्यापीठात, नील आर्मस्ट्राँग यांचे पर्ड्यू विद्यापीठात. तिथे जाण्याआधी त्यांच्या संग्रहाची सूची ऑनलाइन वाचून काढा आणि खोक्यांचे क्रमांक टिपून मगच तिकीट काढा.

रेडिओ-संभाषणाचा उतारा वाचायचा कसा? मला तर तो नुसते आकडे आणि ‘रॉजर’ वाटतो.

सगळ्यांचीच सुरुवात तिथून होते. वेळ उड्डाणापासून मोजलेली असते: तास, मिनिटं, सेकंद. एका बाजूला स्थानिक वेळ मांडून घ्या, नाहीतर पहाट की दुपार हेच कळणार नाही.

मग प्रश्न वाचा. उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त बोलतात. २० फेब्रुवारी १९६२ चं ग्लेन यांचं उड्डाण घ्या. दुसऱ्या प्रदक्षिणेत जमिनीवर एक संदेश दिसू लागला: कुपीखालची, पाण्यावर आदळताना धक्का शोषणारी उतरण्याची पिशवी उघडली असावी. खरंच उघडली असेल तर उष्णतारोधक ढाल सैल झालेली, आणि परतताना माणूस जळून जाणार. नियंत्रण कक्षाने हे ग्लेन यांना सरळ सांगितलं नाही. वाटेतल्या एका केंद्राने विचारलं, पिशवीची कळ बंद आहे ना? आहे. पुढच्या केंद्रावरूनही तीच विचारणा, शब्द किंचित वेगळे. मग आणखी एक, काही आपटल्यासारखा आवाज येतोय का म्हणून. उतारा सलग वाचला की एका जाणत्या वैमानिकाला डाळीत काहीतरी काळं आहे हे कोणत्या क्षणी उमगलं, ते जवळजवळ बोट ठेवून दाखवता येतं. शेवटी वेग कमी करणाऱ्या रॉकेटांचा जुडगा न टाकता तसाच बांधून ठेवा असं सांगण्यात आलं, म्हणजे ढाल सैल असलीच तर त्याच्या पट्ट्यांनी धरून राहील. परतताना त्याच जुडग्याचे जळते तुकडे ग्लेन यांना खिडकीबाहेरून जाताना दिसले. ते तुकडे ढालीचे नाहीत, हे त्या घटकेला त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पुढे निघालं असं की ढाल जागेवरच होती आणि संदेश चुकीचा होता.

या सगळ्यात ‘भीती’ हा शब्द कुठेही नाही. तुम्हीही घालू नका. प्रश्नच एकाखाली एक ठेवा.

आणखी एक जोडकाम: आवाज आणि नाडी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँग यांचा आवाज जाहिराती वाचल्यासारखा सपाट आहे, आणि नाडी मिनिटाला १५०.

अंतराळवीराच्या स्वतःच्या नावाने आलेलं लेखन कितपत विश्वासाचं?

ते कुणी, कधी आणि कशाच्या बदल्यात लिहिलं हे पाहूनच. १९५९ मध्ये मर्क्युरीच्या सातही जणांनी ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाशी पाच लाख डॉलर्सचा करार केला. पैसे सातांत वाटायचे होते. लष्करी पगारावर संसार ओढणाऱ्या घरांना तो मोठा आधार होता. बदल्यात त्यांच्या आणि बायकांच्या खासगी गोष्टी फक्त त्याच साप्ताहिकात येणार. परिणाम व्हायचा तोच झाला. सगळी लग्नं सुखी, सगळी मुलं गुणी, सगळे वडील रविवारी चर्चमध्ये. लेख बहुधा साप्ताहिकाचे पत्रकार लिहायचे.

सोविएत बाजूला पैशांच्या जागी सरकार होतं. गागारिन यांच्या नावाचं आत्मकथन उड्डाणाच्या वर्षीच, पत्रकारांच्या मदतीने, तयार झालं.

दोन्ही प्रकारचं लेखन फेकून देऊ नका. खोटं कुठे आहे हे एकदा कळलं की ते कशासाठी सांगितलं गेलं हा प्रश्न सुटतो, आणि त्या काळाला आपला नायक कसा हवा होता हे समोर येतं.

गागारिन कुपीतून खाली उतरले की हवाई छत्रीने?

छत्रीने. त्यांच्या व्होस्तोक यानाची कुपी आदळायची फार जोरात, म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर वैमानिक आसनासकट बाहेर फेकला जायचा आणि वेगळा उतरायचा. पण आंतरराष्ट्रीय विक्रमाच्या नियमाप्रमाणे वैमानिकाने यानातच उतरायला हवं होतं. त्यामुळे सोविएत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट दडवली आणि १९७१ पर्यंत अधिकृतपणे मान्य केली नाही. पत्रकार परिषदेत गागारिन यांनाही गुळमुळीत उत्तर द्यावं लागलं.

हे इथे मुद्दाम देतोय, कारण मराठीतल्या जुन्या लेखांत ‘यान अलगद जमिनीवर टेकलं’ छापाची वाक्यं अजून फिरताहेत. आणि चरित्रकारासाठी छत्रीपेक्षा मोठा विषय म्हणजे ती पत्रकार परिषद. सत्तावीस वर्षांचा सुताराचा मुलगा जगासमोर बसलेला, आणि ज्या एका गोष्टीत त्याची काहीच चूक नाही तीच त्याला लपवायची आहे.

छायाचित्रांवर तारखा नसतात. ती लावायची कशी?

गागारिन यांच्यापुरतं एक मजेशीर साधन आहे: डाव्या भुवईवरचा व्रण. ऑक्टोबर १९६१ मध्ये क्रिमियातल्या फोरोस इथे सुट्टीवर असताना त्यांनी गच्चीवरून उडी मारली आणि कपाळ फोडून घेतलं. त्या वेळी सांगितलं गेलं की लहान मुलीला घेऊन खेळताना ठेच लागली, आणि तिला वाचवताना स्वतःला लागलं. कामानिन यांच्या रोजनिशीत वेगळीच हकिकत आहे, तीत दारूही आहे आणि बायकोला चुकवणंही. ते असो. फोटोत भुवईवर खूण नसेल तर तो ऑक्टोबर १९६१ च्या आधीचा, असेल तर नंतरचा. ‘उड्डाणाच्या सकाळी हसणारे गागारिन’ म्हणून खपणारा एखादा फोटो व्रणासकट दिसला की समजून जा.

इतरांसाठी गणवेशावरची पदचिन्हं, गाड्यांचे नमुने आणि मुलांची उंची. मुलांची उंची फसवत नाही.

एकाच घटनेच्या दोन हकिकती असतील तर खरी कुठली मानायची?

या प्रश्नाचा नमुना म्हणजे अमेरिकेचे दुसरे अंतराळवीर गस ग्रिसम आणि कुपीचं दार. सविस्तर सांगतो, कारण चरित्रलेखनाचे बहुतेक सापळे यात एका जागी भेटतात.

२१ जुलै १९६१. ग्रिसम यांचं उड्डाण नीट झालं, त्यांची कुपी लिबर्टी बेल ७ अटलांटिकवर तरंगतेय, हेलिकॉप्टर येतंय. अचानक स्फोटकं बसवलेलं दार उडालं, पाणी आत आलं, ग्रिसम बाहेर पडले. हेलिकॉप्टरने कुपीला आकडा अडकवला, पण पाण्याने भरलेलं वजन त्याला पेलेना आणि इंजिनाच्या इशाऱ्याचा दिवा लागला. कुपी सोडून द्यावी लागली. ती बुडाली. तिकडे ग्रिसम यांच्या पोशाखाची हवेची झडप उघडी राहिलेली, तिच्यातून पाणी शिरतंय. आठवण म्हणून सोबत नेलेल्या नाण्यांच्या गुंडाळ्यांचं ओझं. वरून हेलिकॉप्टरच्या पंख्यांनी उसळलेल्या लाटा. दुसऱ्या हेलिकॉप्टरने त्यांना ओढून घेतलं तेव्हा ते बुडायच्या बेतात होते.

पहिली हकिकत: घाबरून ग्रिसम यांनीच कळ दाबली. दुसरी, खुद्द त्यांची: मी नुसता पडून होतो, दार आपोआप उडालं. पहिली हकिकत पुढे पुस्तकात आणि पडद्यावर इतकी गाजली की आजही लोकांना तीच आठवते.

आता पुरावा पाहू. दार उडवायची कळ हाताने जोरात ठोकावी लागायची आणि तिचा उलटा दणका हाताला बसायचा. ग्लेन यांनी आपल्या उड्डाणानंतर ती वापरली तेव्हा हातमोजा असूनही बोटांना जखम झाली. ऑक्टोबर १९६२ मध्ये मर्क्युरीच्याच वॉली शिरा यांनी आपल्या उड्डाणानंतर जहाजाच्या डेकवर पोहोचल्यावर मुद्दाम कळ ठोकून दार उडवलं. हातावर वळ उठला. ग्रिसम यांच्या वैद्यकीय तपासणीत अशी खूण नव्हती. सगळ्यात बोलका पुरावा मात्र पैशांचा नाही की कागदाचाही नाही, विश्वासाचा आहे: वरिष्ठांना खरंच वाटलं असतं की हा घाबरतो, तर मार्च १९६५ मध्ये जेमिनी या मर्क्युरीनंतरच्या दोन आसनी यानाच्या पहिल्या मानवी उड्डाणाची कमान त्याच माणसाकडे दिली असती का? ग्रिसम यांनीही त्या यानाला बुडत्या जहाजातून वाचलेल्या ‘मॉली ब्राउन’चं नाव देऊन स्वतःचीच थट्टा केली.

१९९९ मध्ये कुपी समुद्राच्या तळातून वर काढली. नाणीसुद्धा सापडली. दार सापडलं नाही.

म्हणून ‘दार आपोआपच उडालं हे सिद्ध झालं’ असं लिहायचं नाही, आणि ‘वाद कायम आहे’ म्हणून हात झटकायचे नाहीत. पुरावा कोणत्या बाजूला किती झुकतो तेवढं सांगायचं. मी तर सरळ ग्रिसम यांच्या बाजूचा आहे, आणि तेही वाचकाला सांगून मोकळा होतो.

एक सापळा अजून राहिला. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या जमिनीवरच्या चाचणीत आग लागली आणि ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी गेले. आत उघडणारं दार त्यांना वेळेत उघडता आलं नाही. ‘त्या बुडालेल्या कुपीमुळेच पुढचं दार असं केलं, आणि तेच त्याला भोवलं’ असं कथानक जुळवायचा मोह होतो. सुबक आहे, म्हणूनच जपून. वजन, रचना, शुद्ध ऑक्सिजन, वायरिंग, चाचणीचं नियोजन, इतकी कारणं गुंतलेली असताना एका आयुष्याला असा गाठीचा शेवट देणं हा लेखकाचा हट्ट ठरतो.

वृद्ध अंतराळवीराची किंवा त्याच्या सहकाऱ्याची मुलाखत मिळाली तर काय विचारावं?

‘वर असताना कसं वाटलं?’ हे सोडून काहीही. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी हजारदा दिलंय. तुम्हाला मिळेल ती झिजून गुळगुळीत झालेली कॅसेट. मीही पहिल्या मुलाखतीत तेच विचारलं होतं, आणि मिळालेलं उत्तर आधीच छापून आलेल्या दुसऱ्या मुलाखतीशी शब्दशः जुळत होतं.

वस्तूंबद्दल विचारा. पोशाखाच्या कुठल्या खिशात काय होतं? आदल्या रात्री शेजारच्या पलंगावर कोण होतं? परतल्यावर पहिला फोन कुणाला, आणि तो कुठल्या खोलीतून? स्मृती वस्तूला धरून चालते. शक्य असेल तर त्या दिवसाचा उतारा छापून सोबत न्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवा. समोरचा माणूस ‘नाही, नाही, हे असं नव्हतं’ म्हणाला की मुलाखत सुरू झाली.

घरच्या माणसांवर किती लिहावं?

आजवर लिहिलं गेलंय त्याहून जास्त. ग्लेन यांच्या पत्नी ॲनी यांचा प्रसंग घ्या. त्यांना बोलताना फार अडखळायला व्हायचं. २७ जानेवारी १९६२ रोजी ग्लेन पाच तासांहून अधिक काळ कुपीत पडून होते आणि ढगांमुळे उड्डाण रद्द झालं. त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ॲनी यांच्या घरी येऊन, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर, त्यांचं सांत्वन करायचं होतं. ॲनी यांनी नकार दिला. वरिष्ठांनी ग्लेन यांना फोनवर घेऊन बायकोची समजूत काढायला सांगितलं. त्यांनी तिला सांगितलं, तुला नको असेल तर कुणीही आत येणार नाही, मी पाठीशी आहे. पुढचं उड्डाण हातून जाईल अशी कुजबुज आजूबाजूला चालू असताना.

अंतराळातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा या बंद दारात मला ग्लेन जास्त स्पष्ट दिसतात.

आणि गागारिन यांचं पत्र. १० एप्रिल १९६१ रोजी, काही बरंवाईट झालं तर म्हणून, त्यांनी पत्नीला लिहिलं होतं. धाकटी मुलगी जेमतेम महिन्याची होती. पत्र तेव्हा द्यायची वेळ आली नाही. पत्नी व्हालेंतिना यांच्या हाती ते पडलं १९६८ मध्ये, विमान अपघातात गागारिन गेल्यानंतर.

दारू, नैराश्य, मोडलेले संसार: हे लिहावं का?

आयुष्याची दिशा त्याने बदलली असेल तर लिहावं, नुसतं चटकदार आहे म्हणून नाही. चंद्रावर उतरलेले दुसरे अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी आपल्या नैराश्याबद्दल १९७३ मध्येच स्वतः लिहिलं. तिथे चरित्रकाराने सोवळं पाळण्यात अर्थ नाही. ज्यांनी स्वतः बोलणं टाळलं आणि ज्यांची मुलं हयात आहेत, तिथे मी दोन स्वतंत्र लेखी आधार मिळाल्याशिवाय ओळ लिहीत नाही.

मृत्यूचे प्रसंग कसे लिहावेत?

थोडक्यात आणि आधाराने. सोविएत अंतराळवीर व्लादिमिर कोमारोव २४ एप्रिल १९६७ रोजी सोयुझ १ मधून परतताना गेले: मुख्य छत्री बाहेर आलीच नाही, राखीव छत्री गुंतली. ते शेवटच्या क्षणी संतापाने किंचाळत, नेत्यांना शिव्या देत होते अशी एक गोष्ट इंटरनेटवर दरवर्षी नव्याने फिरते. तिला भक्कम कागदी आधार नाही. अंगावर काटा आणते, म्हणून टिकली आहे. वापरायचीच असेल तर दंतकथा म्हणून वापरा.

अपोलो १ च्या आगीतले शेवटचे शब्द ध्वनिमुद्रित आहेत. ते मी छापत नाही. चौकशी अहवालातल्या वेळा पुरेशा आहेत.

संवाद कल्पनेने लिहिले तर चालतील?

नाही. तशी कादंबरी लिहा, उत्तम होईल.

प्रसिद्ध उद्गार तरी खरे असतात ना?

तपासल्याशिवाय एकही घेऊ नका. ‘वर गेलो, पण देव दिसला नाही’ हे गागारिन यांच्या तोंडी घातलं जातं. त्यांच्या उड्डाणाच्या उताऱ्यात ते कुठेही नाही. ‘ए-ओके’ (सगळं ठीक) हा शब्द शेपर्ड यांचा म्हणून गाजला, पण तो पत्रकारांना माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याचा. चंद्रावर पाऊल ठेवतानाच्या आर्मस्ट्राँग यांच्या वाक्यात ‘a’ हे छोटंसं इंग्रजी उपपद होतं की नव्हतं यावर आजही खल चालतो. मराठीत ते उपपद येतच नाही, त्यामुळे भाषांतर करताना आपण त्या वादातून आपोआप सुटतो, हा आपला फायदा.

उड्डाणाच्या क्षणी गागारिन यांनी म्हटलेलं ‘पोयेखाली’ मात्र खरं. त्याचं भाषांतर ‘उड्डाण सुरू झाले’ असं केलं की जीवच गेला. गाडी सुटताना आपण म्हणतो ते ‘चला, निघालो!’, तेच आहे ते.

एकेरी लिहू की आदरार्थी?

मराठी चरित्रकाराचा खरा छळ हा. ‘युरी शाळेत जायचा’ कुठे थांबतं आणि ‘गागारिन म्हणाले’ कुठे सुरू होतं? मी सैन्यात भरती होईपर्यंत एकेरी ठेवतो आणि नंतर आदरार्थी. सातत्य असलं की वाचकाला खटकत नाही. काही जण मुद्दाम शेवटपर्यंत एकेरी ठेवतात, त्याने जवळीक येते. मात्र मग नायकाबरोबर त्याचे वरिष्ठही एकेरीतच आले पाहिजेत, नाहीतर नायक धाकटा दिसतो.

संभाषणात आणखी एक गंमत आहे. अमेरिकन मोहिमांत जमिनीवरून यानाशी बोलणारा माणूस बहुतेक वेळा दुसरा अंतराळवीरच असायचा, म्हणजे ‘तू’ सरळ शोभतं. रशियनमध्ये मात्र मराठीसारखाच तू-तुम्हीचा भेद आहे, शिवाय नावापुढे वडिलांचं नाव लावून ‘युरी अलेक्सेयेविच’ अशी आदराची हाक. इंग्रजी भाषांतरात हे सगळं सपाट होऊन जातं. तेव्हा इंग्रजीवरून काम करत असाल तर निदान महत्त्वाच्या संभाषणांचं मूळ रशियन एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. मराठीत आपल्याला ते परत मिळवता येतं. इंग्रजी लेखकाला नाही.

रशियन नावं कशी लिहावीत?

उच्चाराप्रमाणे. कोरोल्योव (कोरोलेव नव्हे), ख्रुश्चोव, लिओनोव, तेरेश्कोवा. एकदा ठरवलं की पुस्तकभर तेच. आणि लक्षात ठेवा, मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव यांचं नाव जानेवारी १९६६ मध्ये ते वारल्यावरच जाहीर झालं. त्यामुळे १९६१ च्या प्रसंगात एखादा बाहेरचा पत्रकार त्यांचं नाव घेताना दाखवलात तर ती चूक.

हाच नियम इतर नावांनाही. १९६१ च्या सुमारास काही अमेरिकन महिला वैमानिकांनी मर्क्युरीच्या उमेदवारांसारख्या वैद्यकीय चाचण्या पार केल्या होत्या. ‘मर्क्युरी १३’ हे नाव त्यांना कित्येक वर्षांनी चिकटलं.

महिला अंतराळवीराचं चरित्र वेगळं लिहावं लागतं का?

वेगळं नाही, पण आधीच्या लेखनावरचा गंज जास्त खरवडावा लागतो. जगातल्या पहिल्या महिला अंतराळवीर व्हालेंतिना तेरेश्कोवा जून १९६३ मध्ये जवळजवळ तीन दिवस अंतराळात होत्या, ४८ प्रदक्षिणा. त्यांच्या ‘घबराटी’विषयी बरंच लिहिलं गेलं. यानाच्या दिशेची मांडणी चुकलेली आहे, ते खाली येण्याऐवजी वर जाईल, हे त्यांनी ओळखून कळवलं होतं. मात्र कोरोल्योव यांच्या सांगण्यावरून त्या यावर कित्येक दशकं गप्प राहिल्या. आईलाही त्यांनी हवाई छत्रीच्या स्पर्धेला जाते असंच सांगितलं होतं. गप्प राहण्याची ही सवय हाच त्या चरित्राचा कणा होऊ शकतो.

मैल, किलोमीटर, फूट यांचा घोळ कसा टाळायचा?

जुन्या अमेरिकन कागदांत मैल दोन प्रकारचे असतात. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. शेपर्ड किती उंच गेले? कुठे १०१, कुठे ११६. दोन्ही बरोबर, किलोमीटरमध्ये दोन्ही सुमारे १८७. माझ्या पहिल्या खर्ड्यात सागरी मैलांना साध्याचा गुणक लावल्यामुळे ते चोवीसेक किलोमीटर खालीच राहिले होते.

छायाचित्रं आणि पत्रं छापायला परवानगी लागते का?

नासाने काढलेली छायाचित्रं साधारणपणे मुक्त असतात. मासिकांची आणि वृत्तसंस्थांची नसतात, आणि दिसायला दोन्ही सारखीच. पत्राचा कागद ज्याच्याकडे आहे त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा. कागद विकत घेतला म्हणून मजकूर छापता येत नाही.

खर्डा कुणाला दाखवावा?

तिघांना. रशियन किंवा अमेरिकन संदर्भ कोळून प्यालेल्या एकाला. अंतराळाशी काही देणंघेणं नसलेल्या एकाला, तो कंटाळला की पानावर फुली मारायला सांगून. आणि एका वैमानिकाला. माझा खर्डा वाचलेल्या निवृत्त वैमानिकाने ‘झेपावलं’ हा शब्द चौदा ठिकाणी खोडला आणि प्रत्येक ठिकाणी समासात लिहिलं, ‘किती वेगाने?’